शिक्षेचा अधिकार आणि भारतातील फौजदारी न्यायालयांची श्रेणी

१. विषयाची मांडणी

एखाद्या गुन्ह्यास कायद्याने कोणती शिक्षा सांगितली आहे, हे पाहण्याची सवय दंडविधीच्या अभ्यासकास असते. ती शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्या न्यायाधीशास आहे, हा प्रश्न मात्र तो बहुधा प्रक्रियेचा, म्हणून दुय्यम समजतो. वस्तुतः शिक्षेला दोन मर्यादा असतात. एक मर्यादा गुन्ह्याच्या स्वरूपावरून ठरते व ती दंड संहितेत सापडते. दुसरी न्यायालयाच्या दर्जावरून ठरते व ती प्रक्रिया संहितेत सापडते. आरोपीच्या वाट्याला प्रत्यक्षात येणारी शिक्षा या दोहोंपैकी जी मर्यादा लहान असेल तिच्या आत राहते.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १८६० च्या भारतीय दंड संहितेने साध्या चोरीस अधिकात अधिक तीन वर्षांची कैद सांगितली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला एक महिन्यापर्यंत, दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला सहा महिन्यांपर्यंत आणि पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला दोन वर्षांपर्यंत कैद देता येत असे. म्हणजे सर्वसाधारण जिल्ह्यात चोरीची पूर्ण तीन वर्षांची शिक्षा देण्यास कोणताही साधा मॅजिस्ट्रेट समर्थ नव्हता. चोरी तीच, कलम तेच. परंतु आरोपी कोणासमोर उभा आहे यावर त्याच्या शिक्षेची कमाल मर्यादा ठरत होती.

ही रचना केवळ कामाच्या वाटणीसाठी झाली, असे मानण्याचा एक प्रघात आहे. लहान गुन्हे लहान अधिकाऱ्याकडे व मोठे गुन्हे मोठ्या अधिकाऱ्याकडे जावेत, यात नवल काहीच नाही. परंतु या श्रेणीचा इतिहास पाहता तिच्या मुळाशी दुसरेही एक तत्त्व आढळते. शिक्षा जितकी भारी, तितक्या अधिक लोकांनी ती तपासलेली असली पाहिजे, हे ते तत्त्व होय. श्रेणीतील प्रत्येक आकडा म्हणजे राज्यसत्तेने आपल्या अधिकाऱ्यावर किती विश्वास टाकला आणि कोठे हात आखडता घेतला याची नोंद आहे. मात्र या तत्त्वाचे संरक्षण सर्वांना सारखे मिळाले नाही. प्रदेश, वंश आणि शासनाची सोय या तीन कारणांनी ते वेळोवेळी बाजूस सारले गेले. या दोन प्रवृत्तींच्या संघर्षाच्या दृष्टीने भारतातील फौजदारी न्यायालयांच्या श्रेणीचा विचार येथे करावयाचा आहे.

२. संहितापूर्व काळ

इंग्रजी अंमलापूर्वी अशी श्रेणी मुळीच नव्हती, असे म्हणता येत नाही. पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये गव्हर्नर-जनरलकडे जो अहवाल पाठविला, त्यात पेशवाईतील फौजदारी न्यायाचे वर्णन आहे. फौजदारी न्यायाचा अधिकार वसुली कामगारांच्याच हाती असून तो त्यांच्या दर्जाप्रमाणे कमीजास्त होत असे. पाटलाला गुन्हेगारास काही दिवस अडकवून ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. वरच्या टोकाला असलेल्या सरसुभेदाराला उत्तर काळात वरिष्ठांची मंजुरी न घेता देहान्त शासन करण्याचा अधिकार होता. पूर्वी हा अधिकार पेशव्यांनी ज्यांना खास दिला असेल त्यांच्यापुरता व आपल्या मुलखात वा छावणीत मोठ्या सरदारांपुरता मर्यादित होता. परंतु या पायऱ्या निश्चित नव्हत्या, हेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे. एक पाटील दंड व फटके देऊन मोकळा होई, तर दुसरा कैदेत ठेवण्यासही धजत नसे. अधिकार पदापेक्षा माणसाच्या वजनावर अवलंबून होता.

पायऱ्या होत्या, परंतु त्यांना आकडे नव्हते, हे पेशवाई व्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. इंग्रजी अंमलात प्रथम बंगालमध्ये आणि नंतर मुंबई इलाख्यात जो बदल झाला, तो न्यायालये निर्माण करण्याचा जितका होता तितकाच अधिकार मोजून देण्याचा होता.

वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेने प्रत्येक जिल्ह्यात फौजदारी अदालत स्थापन झाली. तेथे काझी व मुफ्ती न्याय देत आणि इंग्रज कलेक्टर त्यांच्यावर देखरेख ठेवी. देहान्ताच्या व मालमत्ता जप्तीच्या प्रकरणांचे कागद सदर निजामत अदालतीकडे जात व अखेरचा हुकूम नाझिमाच्या, म्हणजे बंगालच्या नवाबाच्या, नावाने निघे. प्राणदंडाची शिक्षा ज्याने दिली त्याच्याच सहीने ती अंमलात येऊ नये, हे सूत्र कंपनीच्या कारभारात येथपासून दिसते. नवाबाची सत्ता तोपर्यंत नाममात्र उरली होती. तथापि कागदाला दुसरी तपासणी लागली, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कॉर्नवॉलिसने १७९० मध्ये सदर निजामत अदालत मुर्शिदाबादहून कलकत्त्यास आणून गव्हर्नर-जनरल व त्याच्या कौन्सिलाकडे सोपविली आणि कलकत्ता, मुर्शिदाबाद, ढाका व पाटणा अशी चार फिरती न्यायालये नेमली. किरकोळ गुन्ह्यांचा निकाल जिल्ह्यातील मॅजिस्ट्रेटने द्यावा, गंभीर गुन्ह्यांसाठी फिरत्या न्यायालयाची वाट पाहावी आणि सर्वांत भारी शिक्षा सदर अदालतीने कायम करावी, अशी तीन पायऱ्यांची रचना येथे सिद्ध झाली. या रचनेचा दोष विलंबाचा होता. फिरते न्यायालय येईपर्यंत कच्चे कैदी महिनोन्महिने तुरुंगात पडून राहत. १८२९ मध्ये बेंटिंकच्या कारकिर्दीत ही न्यायालये रद्द होऊन त्यांचे काम प्रथम कमिशनरांकडे गेले आणि १८३१ च्या रेग्युलेशनाने ते जिल्हा न्यायाधीशांकडे सोपविण्याची वाट मोकळी झाली. पुढे ‘सेशन्स जज्ज’ म्हणून जे पद स्थिर झाले त्याचा उगम येथे आहे. परंतु त्याच सुमारास कलेक्टर व मॅजिस्ट्रेट ही दोन पदे एका माणसात एकत्र येऊ लागली. या एकीकरणाचे परिणाम पुढील सुमारे दीडशे वर्षे भोगावे लागले.

मुंबई इलाख्यात १८२७ ची सत्तावीस रेग्युलेशने, म्हणजे ज्यास एल्फिन्स्टन कोड म्हणतात तो संग्रह, या दृष्टीने उल्लेखनीय आहे. बंगालमध्ये तोपर्यंत मुसलमानी दंडविधी सुधारून वापरला जात होता. मुंबईत १८२७ च्या चौदाव्या रेग्युलेशनाने गुन्हे व शिक्षा यांची स्वतंत्र लेखी व्याख्या केली आणि तेराव्या रेग्युलेशनाने फौजदारी न्यायालयांची घडण सांगितली. अखेरची तपासणी सदर फौजदारी अदालतीकडे राहिली. भारतीय दंड संहिता अंमलात येण्यापूर्वी पस्तीस वर्षे मुंबई इलाख्यातील मराठी व गुजराती प्रदेशांत लेखी दंडविधी लागू होता, ही गोष्ट संहितीकरणाच्या इतिहासात पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

३. १८६१ ची संहिता : अधिकाराचे आकडे

१ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंड संहिता अंमलात आली. गुन्ह्यांचा कायदा सर्व देशभर एक झाल्यावर तो चालविणाऱ्या न्यायालयांची पट्टीही एक असणे ओघानेच आले. ते काम १८६१ च्या पंचविसाव्या अधिनियमाने, म्हणजे पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, केले. तिने मॅजिस्ट्रेटांचे तीन थर ठरविले. वरच्यास दोन वर्षे कैद व एक हजार रुपये दंड, मधल्यास सहा महिने व दोनशे रुपये, खालच्यास एक महिना व पन्नास रुपये, अशी ती पट्टी होती. सेशन्स कोर्टाला कायद्यातील कोणतीही शिक्षा देता येई, परंतु देहान्त शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंमलात येत नसे. १८६२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे हायकोर्टे स्थापन झाली आणि सदर अदालतींचे हे काम त्यांच्याकडे आले.

१८७२ च्या संहितेत पहिला, दुसरा व तिसरा वर्ग ही नावे रूढ झाली आणि १८८२ व १८९८ च्या संहितांनी हीच पट्टी जवळजवळ जशीच्या तशी पुढे चालविली. कैदेच्या मर्यादा १९७४ पर्यंत बदलल्या नाहीत. दंडाच्या रकमा १९५५ मध्ये प्रथमच वाढून अनुक्रमे दोन हजार, पाचशे व शंभर रुपये झाल्या. १८६१ सालचे एक हजार रुपये आणि १९५० सालचे एक हजार रुपये यांत किती अंतर होते हे सांगावयास नको. अधिकाराची मर्यादा कागदावर स्थिर राहिली, तरी रुपयाची किंमत उतरल्यामुळे द्रव्यदंडाच्या बाबतीत ती वास्तविक अर्थाने संकुचित होत गेली. फटक्यांची शिक्षा १९५५ मध्ये स्वतंत्र अधिनियमाने बंद झाली.

या पट्टीस दोन जोड होते. खालच्या मॅजिस्ट्रेटला आरोपी आपल्या अधिकारापेक्षा अधिक शिक्षेस पात्र वाटल्यास तो कागद वर पाठवी, हा एक. एकाच खटल्यात अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकापुढे एक जोडल्या तरी मॅजिस्ट्रेटच्या एकूण शिक्षेने त्याच्या साध्या अधिकाराची दुप्पट ओलांडू नये, हा दुसरा. अनेक लहान शिक्षांची बेरीज करून मोठा अधिकार उत्पन्न करण्याची पळवाट या दुसऱ्या नियमाने बुजविली. संहिताकारांना अधिकाराच्या मर्यादेचे महत्त्व किती होते, हे यावरून दिसून येते.

गावपातळीवर पोलीस पाटलाकडे काही उरले असेल तर ते शिवीगाळ व किरकोळ मारहाण यांपुरते, आणि तेही तासांत मोजावे इतक्या मुदतीचे होते. पेशवाईतील पाटलाचा अनिश्चित अधिकार येथे जवळजवळ शून्यावर आला.

४. पट्टीचे अपवाद : प्रदेश आणि वंश

वर वर्णिलेली श्रेणी सर्व देशाला सारखी लागू होती, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. पंजाब, अवध, मध्य प्रांत, आसाम, कुर्ग व ब्रह्मदेश अशा, मुख्यतः ‘नॉन-रेग्युलेशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांत डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट किंवा निवडक पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट यांना देहान्ताखेरीज इतर सर्व गुन्ह्यांचे खटले चालविण्याचा अधिकार देता येत असे. १८९८ च्या संहितेच्या तिसाव्या कलमाखाली नेमलेल्या अशा मॅजिस्ट्रेटास सात वर्षांपर्यंत कैद देता येई. याचा अर्थ असा की, ज्या गुन्ह्याबद्दल पुण्याच्या आरोपीस सेशन्स कोर्टापुढे उभे राहण्याचा हक्क होता, त्याच गुन्ह्याबद्दल मध्य प्रांतातील नागपूरच्या आरोपीला मॅजिस्ट्रेटकडून सात वर्षांची शिक्षा होऊ शकत होती. हा मॅजिस्ट्रेट पुष्कळदा वसुली व बंदोबस्त यांचाही अधिकारी असे. दोघेही मराठी बोलणारे. दोघांना लागू असलेली दंड संहिता एकच. परंतु संरक्षणाच्या पायऱ्या निराळ्या. नवीन जिंकलेल्या वा दूरच्या मुलखांत शासन स्वस्त व जलद असावे, हे यामागील कारण होते.

दुसरा अपवाद वंशाचा. येथे पट्टी उलट दिशेने वाकविलेली दिसते. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनास मुफसलातील फौजदारी न्यायालयांनी गंभीर शिक्षा द्यावी, ही गोष्ट दीर्घकाळ मान्य नव्हती. असे खटले इलाख्याच्या राजधानीतील न्यायालयात न्यावे लागत. १८७२ च्या संहितेने मुफसलातील मॅजिस्ट्रेट व सेशन्स जज्ज यांना काही अधिकार दिला. परंतु तो न्यायाधीश स्वतः युरोपीय ब्रिटिश प्रजाजन असला पाहिजे, ही अट घातली. शिक्षेची मर्यादाही कमी ठेवली. मॅजिस्ट्रेटला तीन महिने कैद व एक हजार रुपये दंड आणि सेशन्स कोर्टाला एक वर्ष, एवढीच ती होती. ज्या पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला हिंदी माणसास दोन वर्षे तुरुंगात पाठविता येत होते, त्याला त्याच गुन्ह्याबद्दल युरोपीय माणसास तीन महिन्यांपलीकडे पाठविता येत नव्हते.

या विसंगतीला तोंड फुटले ते श्रेणीच्याच प्रश्नावरून. इलाख्याच्या राजधानीत हिंदी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटला युरोपीय आरोपीचा खटला चालविता येई. कलकत्त्यास या पदावर असलेले सनदी नोकर बिहारीलाल गुप्त यांनी १८८२ मध्ये सरकारकडे एक टिपण पाठविले. मुफसलात वरच्या पदावर बढती मिळताच हिंदी न्यायाधीशाचा हा अधिकार नष्ट होतो, ही विसंगती त्यांनी निदर्शनास आणली. म्हणजे पद चढावे आणि अधिकार उतरावा, अशी स्थिती होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये कायदेमंत्री कोर्टनी इल्बर्ट यांनी मांडलेल्या विधेयकाचा उगम या टिपणात आहे. त्यावर अँग्लो-इंडियन समाजाने जो क्षोभ केला तो सर्वश्रुत आहे. एप्रिल १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या पाठिंब्यासाठी सभा भरली. तीत काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांची भाषणे झाली. अखेर १८८४ चा तिसरा अधिनियम तडजोडीचा निघाला. हिंदी डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट व सेशन्स जज्ज यांना अधिकार मिळाला, परंतु निम्म्याहून कमी नाहीत इतके युरोपीय वा अमेरिकन सभासद असलेली ज्युरी मागण्याचा हक्क युरोपीय आरोपीस देण्यात आला. १९२३ मध्ये हे भेद पुष्कळसे कमी झाले व १९४९ च्या अधिनियमाने ते संपूर्णपणे नाहीसे झाले.

इल्बर्ट विधेयकाचा विचार राष्ट्रीय चळवळीचा एक टप्पा म्हणून नेहमी होतो, व ते योग्यच आहे. परंतु न्यायसंस्थेच्या अभ्यासकास त्यात आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे. विधेयकाचे विरोधक जो युक्तिवाद करीत होते तो तत्त्वतः चुकीचा नव्हता. दूरच्या मुफसलात, एकट्या अधिकाऱ्याच्या हाती, पुरेशा तपासणीवाचून माणसाचे स्वातंत्र्य सोपवू नये, हे म्हणणे प्रत्येक आरोपीच्या बाबतीत खरे होते. अन्याय होता तो ते संरक्षण एका वंशापुरते राखून ठेवण्यात.

५. इलाख्याची राजधानी आणि वरिष्ठ न्यायालयाचा विरोधाभास

मुंबई शहराची व्यवस्था मुफसलापेक्षा वेगळी होती. शहरातील गंभीर गुन्ह्यांचे खटले प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटकडून थेट हायकोर्टाच्या सेशन्सकडे जात. तेथे हायकोर्टाचा एक न्यायाधीश ज्युरीच्या साहाय्याने खटला चालवी. आरोपीस सर्वांत वरच्या दर्जाचे न्यायालय प्रथमच लाभत असल्याने त्याचे संरक्षण अधिक असेल, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात उलट होते. देहान्त शिक्षा कायम करून घेण्याचा नियम सेशन्स कोर्टापुरता होता. हायकोर्टाच्या सेशन्समध्ये एका न्यायाधीशाने दिलेल्या शिक्षेस तो लागू नव्हता. तेथील निकालावर सर्वसाधारण अपीलही नव्हते. अपिलाची तरतूद संहितेत १९४३ मध्ये प्रथम आली.

बाळ गंगाधर टिळक यांचे १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले याच न्यायालयात चालले. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीच्या सहा विरुद्ध तीन मतांवर अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांनी सात विरुद्ध दोन मतांवर सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. पहिल्या खटल्यानंतर प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्यासाठी परवानगी मागावी लागली, व ती मिळाली नाही. याच काळात, १८९८ मध्ये, दामोदर हरी चापेकर यांचा खटला पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालला आणि त्यांची फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्यानंतरच अंमलात आली. निकालांच्या गुणदोषांचा येथे प्रश्न नाही. पुण्यातील आरोपीच्या शिक्षेला जी दुसरी तपासणी कायद्यानेच मिळत होती, ती मुंबईतील आरोपीला मिळत नव्हती, एवढेच दाखवावयाचे आहे. न्यायालय श्रेष्ठ असले म्हणजे त्याची चूक संभवत नाही, हे गृहीत या रचनेच्या मुळाशी होते. १९४८ मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र सेशन्स कोर्ट स्थापन झाल्यावर शहर व मुफसल यांतील हे अंतर बहुतांशी मिटले.

६. कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट

श्रेणीतील सर्वांत खोल दोष मात्र आकड्यांत नव्हता. तो श्रेणी कोणाच्या हाती होती यात होता. डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट हाच जिल्ह्याचा कलेक्टर असे आणि पोलिसांवरही त्याचे नियंत्रण असे. मुंबई इलाख्यात मामलेदार वसुली करीत असतानाच मॅजिस्ट्रेट म्हणून खटले चालवी. दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला आपला अधिकार अपुरा वाटला तर तो कागद पाठवी तो डिस्ट्रिक्ट वा सबडिव्हिजनल मॅजिस्ट्रेटकडे. त्याच्या निकालावर अपीलही डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडेच जाई. ज्याच्या हाताखालच्या पोलिसांनी आरोपीस पकडले, त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याने शिक्षा दिली आणि अपीलही त्यानेच ऐकले, असा प्रकार या रचनेत संभवत होता. पायऱ्या तीन असल्या तरी तपासणारा एकच, अशी ही स्थिती होती. त्यातही १८८२ व १८९८ च्या मूळ संहितांत पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिलेल्या एक महिन्यापर्यंतच्या कैदेवर किंवा पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर अपीलच नव्हते.

न्याय व कारभार यांची फारकत करावी, अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनापासून केली व बॅरिस्टर मनमोहन घोष यांनी तिचा विशेष पाठपुरावा केला. खर्च वाढेल आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा दरारा कमी होईल, ही दोन उत्तरे सरकारकडून मिळत राहिली. दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक होते. शिक्षेचा अधिकार हा दराऱ्याचा आधार मानला जात होता, न्यायाचे साधन म्हणून त्याकडे पाहिले जात नव्हते, हे त्यात उघडपणे मान्य केलेले आहे.

भारतीय संविधानाच्या पन्नासाव्या अनुच्छेदाने ही फारकत राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अधिनियम करून न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी असे दोन वर्ग केले. इतर राज्यांत ही सुधारणा निरनिराळ्या गतीने झाली. अखिल देशासाठी ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली; ही संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली.

७. १९७३ ची संहिता व नंतर

१९७३ च्या संहितेने तिसरा वर्ग रद्द केला आणि राहिलेल्या पायऱ्यांचे अधिकार वाढविले. दुसऱ्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्यास एक वर्ष, पहिल्या वर्गाच्यास तीन वर्षे आणि मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद देता येऊ लागली. साध्या चोरीची पूर्ण शिक्षा पहिल्या वर्गाचा न्यायदंडाधिकारी देऊ शकेल, अशी स्थिती येथे प्रथम आली. सहायक सत्र न्यायाधीशाची मर्यादा दहा वर्षांची राहिली. सत्र न्यायालयाचा अधिकार पूर्वीप्रमाणेच अमर्याद, परंतु देहान्त शिक्षेस उच्च न्यायालयाची मान्यता आवश्यक. मोठ्या शहरांसाठी महानगर दंडाधिकारी हे पद आले. त्याचा अधिकार पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याइतका होता. ज्युरीपद्धतीला या संहितेत स्थान राहिले नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याची सात वर्षांची मर्यादा ही १८९८ च्या संहितेतील तिसाव्या कलमाखालच्या मॅजिस्ट्रेटच्या मर्यादेइतकीच आहे. पूर्वी जो अधिकार विशिष्ट प्रांतांत कारभारी अधिकाऱ्यालाही मिळत होता, तोच आता सर्व देशात, परंतु उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालील न्यायाधीशाला मिळाला. आकडा तोच राहिला. तो धारण करणारा हात बदलला. आता खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याला अधिक शिक्षा द्यावीशी वाटल्यास कागद मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो, जिल्हाधिकाऱ्याकडे जात नाही. १९७३ च्या संहितेचे मोठेपण वाढविलेल्या वर्षांपेक्षा या बदललेल्या वाटेत शोधले पाहिजे.

दंडाच्या रकमा २००५ च्या दुरुस्तीने वाढल्या. पुढे २०२३ ची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली व तिने १९७३ च्या संहितेची जागा घेतली. तिने महानगर दंडाधिकारी व सहायक सत्र न्यायाधीश ही पदे काढून टाकली. त्यामुळे मुंबईसारख्या शहराची वेगळी श्रेणी, जिचा आरंभ कंपनीच्या काळात झाला होता, तिचा नावापुरता उरलेला अंशही संपला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कैदेच्या मर्यादा सात, तीन व एक वर्ष अशाच राहिल्या. दंडाची मर्यादा पहिल्या वर्गासाठी पन्नास हजार व दुसऱ्या वर्गासाठी दहा हजार रुपये झाली आणि सामुदायिक सेवा ही शिक्षा देण्याचा अधिकार या दोन्ही वर्गांना मिळाला. एकापुढे एक जोडलेल्या शिक्षांची एकूण कमाल मर्यादा चौदा वर्षांवरून वीस वर्षांवर गेली.

८. उपसंहार

१७७२ पासून २०२४ पर्यंतच्या या अडीचशे वर्षांत पदांची नावे, पायऱ्यांची संख्या व शिक्षेचे आकडे अनेकदा बदलले. एक नियम तेवढा सर्व स्थित्यंतरांतून टिकला. प्राणदंडाची शिक्षा देणारे सत्र न्यायालय ती स्वतःच्या अधिकाराने अंमलात आणू शकत नाही. आज उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायाधीशांनी तिच्यावर सही करावी लागते. आरोपीने अपील केलेले असो वा नसो, उच्च न्यायालयाला सर्व पुरावा नव्याने तपासावा लागतो व आवश्यक वाटल्यास अधिक चौकशीही करविता येते. नवाबाच्या नाममात्र सहीपासून या कर्तव्यापर्यंतचा प्रवास भारतीय फौजदारी न्यायाच्या इतिहासातील सर्वांत सलग असा धागा होय.

परंतु याच धाग्याने एक अस्वस्थ करणारा प्रश्नही उभा राहतो. तपासणीचे संरक्षण श्रेणीच्या माथ्यावर सर्वांत दाट आणि पायथ्याशी सर्वांत विरळ आहे. पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याने केलेल्या शंभर रुपयांपर्यंतच्या दंडावर आजही अपील नाही. रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे. परंतु दोषसिद्धीचा डाग रकमेच्या प्रमाणात लहान होत नाही. सामान्य माणसाची फौजदारी न्यायाशी गाठ पडते ती बहुधा या खालच्या पायऱ्यांवर. चापेकरांच्या खटल्याचे कागद दोन न्यायालयांनी पाहिले. त्याच वर्षी तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने महिनाभर तुरुंगात धाडलेल्या शेतमजुराचे कागद पाहणारा दुसरा अधिकारी जिल्ह्याचा कलेक्टरच होता.

फौजदारी न्यायालयांच्या श्रेणीचे मूल्यमापन करताना वरच्या न्यायालयाला किती शिक्षा देता येते, याकडे प्रथम लक्ष जाते. इतिहासाचा कौल वेगळी कसोटी सुचवितो. खालच्या न्यायालयाने दिलेली लहान शिक्षा तपासणारा माणस कोण आहे, तो शिक्षा देणाऱ्यापासून आणि पकडणाऱ्यापासून स्वतंत्र आहे किंवा नाही, आणि ते संरक्षण प्रांत, वंश वा ऐपत न पाहता सर्वांना सारखे मिळते किंवा नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती श्रेणी न्यायाची आहे की केवळ कारभाराची, हे ठरते. पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळण्यास भारतात १९७४ साल उजाडावे लागले. तिसऱ्याचे उत्तर संहितेच्या कलमांत पूर्णपणे सापडत नाही. ते रोजच्या कामकाजात, सर्वांत खालच्या न्यायालयाच्या दालनात, शोधावे लागते.